हात दुसऱ्यांदा कुठं गेला

आमचं कापडाचं दुकान दिंद्रुडच्या बाजारगल्लीत होतं, अजूनही आहे. दुकान म्हणजे एक लांब, अंधारी खोली. दगडी भिंती दोन हात जाड, त्यामुळे मे महिन्यातही आत गार. गादीवर पांढरी चादर, तिन्ही बाजूंनी कपाटं, आणि मधोमध आप्पा, म्हणजे माझे वडील. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात, म्हणून ती जागा. पुढे मोबाइल आला आणि आप्पांची जागा बदलली. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं.

आधी बस्त्याचं सांगते. लग्न ठरलं की बस्ता बांधायला दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं दुकानात यायची. शालू नवऱ्या मुलाची आई ठरवणार, मानाच्या साड्या आत्या-मावश्या ठरवणार, सफारीचं कापड मामा चिमटीत धरून बघणार. नवरीला मध्ये बसवलेलं असायचं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "तुमी घ्याल ती."

आमच्या दुकानात एक रीत होती आणि ती आप्पांनीच पाडली होती. सगळा बस्ता झाला की शेवटची एक साडी दुकानाकडून नवरीला. ती दुसऱ्या कुणी निवडायची नाही. आप्पा निवडायचे, आणि तेही तिला न विचारता.

"पहिल्यांदा हात कुठंबी जातो," ते मला सांगायचे. "समोर टाकली म्हणून जातो, सासू म्हणली म्हणून जातो. दुसऱ्यांदा कुठं जातो ते बघायचं."

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. माजलगावच्या इंग्रजी शाळेत जायचे. तिथे मराठी बोललं की हातावर पट्टी बसायची, आणि गावात इंग्रजी शब्द तोंडातून गेला की मुली हसायच्या. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. सुट्टीच्या दिवशी दुकानात कपाटाला टेकून बसणं मला आवडायचं, कारण तिथे बघायचं भरपूर असायचं आणि बोलायचं काहीच नसायचं. पाहुणे गेले की आप्पा चादरीवरचा ढीग आवरता आवरता विचारायचे, "सांग, हात दुसऱ्यांदा कुठं गेला?" मी बोट दाखवायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचं. "पोरगी दुकान चालवील," असं ते माल काढून देणाऱ्या काकांना म्हणायचे. काका आमच्याकडे आप्पांच्या लग्नाआधीपासून होते. ते म्हणायचे, "चालवील, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं कुणी?"

एका बस्त्याला मेंढरं राखणारं एक कुटुंब आलं होतं. नवरी माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी. तिच्या सासरच्यांनी तिच्यासाठी सगळं लाल-गुलाबी घेतलं. ती मान खाली घालून बसली होती, पण ढिगाच्या तळाशी एक गडद हिरवी, बारीक चौकड्याची साडी होती, तिचा कोपरा तिने बोटांनी दाबून पाहिला. थोड्या वेळाने परत. शेवटी आप्पांनी ढिगात हात घालून नेमकी तीच काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. तासाभरात पहिल्यांदा त्या मुलीने मान वर केली. तिचे वडील पटका सावरत म्हणाले, "शेठ, तुमाला कसं काय कळलं ओ?"

"मला कुठं काय कळतं," आप्पा म्हणाले. "तिनंच सांगितलं."

मी अकरावीसाठी हॉस्टेलवर गेले त्या वर्षी माजलगाव रोडला टॉवर उभा राहिला, आणि महिन्याभरात आप्पांच्या पट्ट्याला चामड्याचं पाकीट लटकायला लागलं. त्यात मोबाइल. गावात त्यांच्या आधी दोघांकडेच होता, याचा त्यांना फार अभिमान. मलाही सुरुवातीला होता, खोटं कशाला बोलू.

अडचण भिंतींची होती. दोन हात जाड दगडातून रेंज आत धड येईना. आप्पांनी मोबाइल हातात धरून सगळं दुकान पालथं घातलं. शालूंच्या कपाटापाशी नाही, काउंटरवर चढून नाही; गादीवर वाजायचा, पण आवाज तुटायचा. शेवटी उंबऱ्याशी, डाव्या कोपऱ्यात, साडी नेसवलेल्या पुतळ्याच्या मागे दोन कांड्या दिसल्या. त्यांनी तिथे लोखंडी खुर्ची टाकली. तोंड रस्त्याकडे, कारण दुकानाकडे तोंड केलं की एक कांडी जायची. म्हणजे ज्या माणसाला सगळ्यांचे चेहरे दिसायला हवे होते, त्याची पाठ सगळ्यांकडे झाली. दुकानात आलेल्या माणसाला आधी पुतळा दिसायचा आणि मग आप्पांचं टक्कल.

आणि त्या फोनवर बोलायचं तरी काय? हे मी कान देऊन ऐकलेलं आहे.

"शरणार्थ! हां, बोला. कुठं हाव? ... मी दुकानात. ... दुकानातच हाय ना ओ. ... तुमी कुठं हाव?"

परळीहून आत्याच्या यजमानांचा रोज फोन. "जेवले का?" "जेवलो. तुमी?" "आमी आता बसतो." बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्या मित्राने मोबाइल घेतला तेव्हा तर कहर झाला. आमच्या दुकानापासून त्याचं हॉटेल पन्नास पावलांवर. तो तिथून फोन करायचा, "काय बे, आवाज यायला का?" आणि आप्पा ओरडून सांगायचे, "यायला! फोन बिगर बी यायला!" दोघं पोट धरून हसायचे. आत एक बाई मुलीसाठी परकराचं कापड हातात धरून उभी असायची. काका तिला म्हणायचे, "बसा माय, बोलणं झालं की सांगतेत." बाई बसायची. काही बसायच्या नाहीत.

आईने तर तोंड सोडलं होतं. "घरात बी फोन करूनच बोलू का तुमच्याशी? नंबर द्या मला, नातेवाइकात मीच राहिले." आप्पा मोबाइलवर हात ठेवून "आलोच" असा इशारा करायचे, आणि भाकरी गार व्हायची.

हे सगळं घरोघर चाललं होतं, मला ठाऊक आहे. हॉस्टेलवरून मी सुट्टीला यायचे तेव्हा प्रत्येक वेळी गल्लीत आणखी चार-पाच माणसं कानाला हात लावून भिंतीकडे तोंड करून उभी दिसायची. पण बाकीच्यांच्या फोनने मला फरक पडत नव्हता. मला राग होता तो बस्त्याचा.

रीत आप्पांनी सोडली नाही, याचाच जास्त राग. सोडली असती तर बरं झालं असतं. शेवटची साडी दुकानाकडून, हे चालूच होतं, पण बघत कोण होतं? बस्ता रंगात आला की फोन वाजायचा, आप्पा पुतळ्यामागे जायचे आणि अर्ध्या तासाने येऊन ढिगाकडे एकदा नजर टाकून कुठलीतरी एक उचलायचे. "घे माय, ही तुझ्या मनाची." एकदा तर खुर्चीवरूनच ओरडले, "बेटा, कोणता कलर आवडतो गं तुला?" वीस माणसांत ती मुलगी काय बोलणार? "कोणताबी," म्हणाली. काकांनी पिवळी दिली. तिने दोनदा नव्हे, तीनदा हात फिरवला होता तो जांभळीवर. मी तिथेच बसले होते. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. माझा आवाज अनोळखी माणसांत निघायचाच नाही. रात्री जेवताना आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तक्रार केली का तिनं?"

तक्रार कुणीच केली नाही. बोलणाऱ्या मुली असत्या तर या रितीची गरजच पडली नसती, एवढं त्यांना कळायला हवं होतं. त्यांनीच तर मला ते शिकवलं होतं.

पुढे माझं लग्न ठरलं. आष्टीचं स्थळ, आमच्यासारखेच व्यापारी, किराण्याचं मोठं दुकान. मुलाबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. मला विचारलं गेलं, मी हो म्हटलं. बस्ता अर्थात आमच्याच दुकानात. आई म्हणाली, "आता तरी तो डबा बंद ठेवा एक दिवस." आप्पा म्हणाले, "पोरीचा बस्ता हाय, मला काय कळत न्हाई व्हय?"

त्या एका वाक्यावर मी आठ दिवस खूश होते. मला शालूचं काही नव्हतं, मानपानाचं नव्हतं. शेवटच्या साडीचंही म्हणाल तर तसं नव्हतं. दुकान आमचं, कपाटं उघडी, कुठलीही साडी मी कधीही मागू शकले असते. पण लहानपणापासून शेकडो मुलींच्या हातांकडे बघणारा माणूस आता माझ्या हाताकडे बघणार होता. मला तेवढंच हवं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ही सांगायची गोष्टच नव्हती.

आष्टीची माणसं जीप करून अकराच्या सुमाराला आली. त्यांच्यातल्या चौघांकडे मोबाइल. जीपमधून उतरल्या उतरल्या चौघांनी वर बघितलं, जणू रेंज आभाळात दिसणार होती. आप्पांनी यजमानाच्या आपुलकीने त्यांना पुतळ्यामागची जागा दाखवली. मग दिवसभर तिथे नंबर लागला. नवरा मुलगा माझ्या मामेभावंडांना रिंगटोन ऐकवत होता. फक्त मुलाच्या आई गादीवर नीट मांडी घालून बसल्या. ताठ बाई, बारीक डोळे, फार कमी बोलणाऱ्या. मला त्यांची भीती वाटली होती. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता.

पहिला तासभर आप्पा मधोमध होते. जुन्या दिवसांसारखे. साडीची घडी हवेत उडवून चादरीवर अशी पसरायचे की पदर नेमका बघणाऱ्याच्या मांडीवर यावा. विहिणींशी थट्टा चालली होती. मुलाच्या मावशीने शालू उलटा करून जरीचं काम तपासलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "बघा बघा, पोरगी बी अशीच उलटीपालटी करून बघितली का तुमी?" सगळे हसले. मीसुद्धा.

तेवढ्यात काकांनी इरकलींचा गठ्ठा सोडला. मानाच्या साड्यांसाठी म्हणून काढला होता. त्यात एक राखाडी-निळी होती, धुतलेल्या पाटीच्या रंगाची, तांबडे काठ आणि टोकदार नक्षीचा टोपपदर. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझा हात गेला. सुताचा खरखरीतपणा बोटाला लागला. मी हात काढून घेतला आणि आप्पांकडे पाहिलं.

फोन वाजला.

मी अजूनही म्हणते, तो कुणाचा असता तरी माफ केला असता. कुणी गेलं असतं, कुणी दवाखान्यात असतं. फोन त्या हॉटेलवाल्या मित्राचा होता. तो दर्शनाला नारायणगडावर गेला होता, आणि तिथून त्याला हे कळवायचं होतं की गडावर फुल रेंज आहे.

"आरं काय सांगतोस! पाच कांड्या? ... पायऱ्यांवर बी? ... थांब, थांब, हिकडं आवाज तुटायला." आणि आप्पा उठले, पुतळ्यामागे गेले.

माझा हात दुसऱ्यांदा गेला. मग मला स्वतःचाच राग आला आणि मी मुद्दाम तिसऱ्यांदा नेला, साडी ओढून ढिगाच्या वर आणली, पदर उलगडला. पुतळ्यामागून हसण्याचा आवाज येत होता. मावशीने त्या साडीवर दुसरा गठ्ठा टाकला आणि ती खाली गेली. मी परत वर काढली. काका बघत होते की नाही कुणास ठाऊक, त्यांच्यामागे चार माणसांची मागणी होती.

बस्ता संपला. चहा फिरला. आई दारापर्यंत जाऊन म्हणाली, "आवो, शेवटची साडी राहिली." आप्पा आत आले ते मोबाइल खांदा आणि कानात दाबून. अजून गडावरचाच. एका हाताने मित्राला थांबवल्यासारखं करत काकांना म्हणाले, "ती फॅन्सी काढा, वरच्या कप्प्यातली. टिकल्याची. इंग्लिश शाळेत शिकलेली पोरगी हाय आमची, तिला आपलं गावठी न्हाई चालायचं."

काकांनी काढली. मोरपंखी जॉर्जेट, अंगभर टिकल्या. उजेडात धरली तर भिंतीवर कवडसे नाचले. आष्टीच्या बायका "आगं बाई!" म्हणाल्या. आप्पांनी ती माझ्या मांडीवर ठेवली, आणि ठेवताना म्हणाले, "घे माय, ही तुझ्या मनाची."

तेच वाक्य. पिवळी साडी नेणाऱ्या मुलीला ऐकवलेलं.

आता मी वाकून पाया पडायचं होतं. मी पडले नाही. माझ्या तोंडून एवढ्या माणसांत आवाज निघाला, आणि तो माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठा होता.

"आप्पा, हात दुसऱ्यांदा कुठं गेला?"

"आं?" त्यांना वाटलं फोनमधून कुणी बोललं.

"माझा हात. दुसऱ्यांदा कुठं गेला ते सांगा."

बसलेल्या माणसांना काही कळलं नाही, पण काकांनी हातातली कपबशी खाली ठेवली. आप्पांनी मोबाइल कानापासून दूर केला. तो बंद केला नाही. त्यातून बारीक आवाजात "हॅलो, हॅलो, आवाज यायला का" चाललं होतं. त्यांनी चादरीवरच्या ढिगाकडे पाहिलं. साठ-सत्तर साड्या असतील. मग एक गुलाबी पैठणी उचलून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती ठेवून त्यांनी अबोली रंगाची रेशमी उचलली.

"न्हाई," मी म्हटलं.

तोवर सगळ्यांना हा खेळ वाटायला लागला होता. रिंगटोनवाला नवरदेवसुद्धा पुढे आला. "मामा, शेवटचा चान्स!" कुणीतरी म्हणालं. हशा झाला. आप्पांच्या कपाळावर घाम होता, त्या गार दुकानात. त्यांनी तिसरी उचलली, ती शालूच्याच गठ्ठ्यातली एक होती, आणि उचलतानाच त्यांना कळलं होतं की ही नाही.

"ती खाली दबलीया बघा," मुलाच्या आई म्हणाल्या. जागेवरून न हलता त्यांनी ढिगाच्या मधोमध हात घातला आणि राखाडी-निळी इरकल ओढून काढली. "ही. दोनदा न्हाई, चारदा गेला हात. तुमी भाईर होता."

त्या बाईने ती साडी माझ्याकडे दिली नाही, आप्पांकडे दिली. त्यांनी ती हातात घेतली, उलगडली आणि परत घडी घालायला गेले. जन्मभर साड्यांच्या घड्या घालणारा माणूस, डोळे मिटून घातली तरी काठाला काठ लागायचा. ती घडी वाकडी आली. त्यांनी मोडून परत घातली, परत वाकडी. काकांनी हळूच त्यांच्या हातातून घेऊन नीट केली. मग आप्पांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. मी पाया पडले.

आणि मी वाकलेली असतानाच फोन पुन्हा वाजला. मधल्या काळात गडावरचा फोन कधी बंद झाला होता कोण जाणे, आणि मधोमध असूनही या वेळी आवाज न तुटता कसा आला तेही कोण जाणे. आप्पांनी तो उचलला. मी माझ्या कानाने ऐकलं. "बस्ता चालू हाय, नंतर बोलतो," एवढंच बोलले, पण उचलला. त्या माणसाला न उचलणं जमलंच नाही.

लग्न झालं, मी आष्टीला आले. सासूबाईंबद्दलची माझी भीती अजून पूर्ण गेलेली नाही. त्या माझ्याकडे बघतात, आणि बघितलेलं विसरत नाहीत. दोन्ही गोष्टींची सवय व्हायला वेळ लागला. इरकल मी नेसते. टिकल्यांची साडी नणंदेला दिली, तिला मनापासून हवी होती.

मला माहेरून मोबाइल मिळाला. तेव्हापासून आप्पांचा रोज दुपारी फोन येतो. इतकं ते माझ्याशी घरात असताना कधीच बोलले नव्हते. काय खाल्लं, पाणी आलं का, आष्टीच्या बाजारात कांद्याची आवक कशी आहे, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत. बस्त्याचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. पण एकदा बोलता बोलता मध्येच म्हणाले, "ती राखाडी नेसतीस का गं?" मी हो म्हटलं. मागे रस्त्याचा आवाज येत होता. सायकलची घंटा, कुणाचा तरी टेम्पो. ते उंबऱ्याशी बसले होते, दुकानाकडे पाठ करून.

परवाही असाच फोन आला. आमटीत मी गूळ घालते की नाही, यावर चाललं होतं. माझ्याकडेही वेळ होता, त्यांच्या आवाजाने बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी मला मागे काकांचा आवाज ऐकू आला, "बसा माय, बोलणं झालं की सांगतेत." मग बांगड्यांचा आवाज. बऱ्याच बायका असाव्यात.

"आप्पा, आत कोण आलंय?"

"कुणी न्हाई. बस्ता हाय. काका बघायलेत. तू बोल."

"नवरी आली का?"

"आली आसल की."

"आप्पा, फोन ठेवा. आत जाऊन बसा."

"हो, हो, ठेवतो," ते म्हणाले. "तर मग गूळ किती घालतीस?"

मी फोन कट केला. दोन मिनिटांत परत वाजला. चुलीवरची आमटी उतू जायला आली होती आणि सासूबाई दारातून माझ्या हाताकडे बघत होत्या. मी तो वाजू दिला. सोळा वेळा वाजला, मोजलं मी. मग थांबला.